अलास्काच्या किनाऱ्यावर लहान बोटीने काळ्या अस्वलाची शिकार: आखणी कोणत्या क्रमाने करायची

या सहलीची तयारी बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. आधी रायफल, मग कपडे, मग विमानाचं तिकीट, आणि भरती-ओहोटीचं कोष्टक धक्क्यावर पोहोचल्यावर. प्रत्यक्षात सहल फसते ती परवान्यात, इंधनाच्या हिशोबात किंवा चिखलात रुतलेल्या बोटीपाशी. अस्वल न दिसल्यामुळे फसलेल्या सहली त्यामानाने थोड्या.

हा लेख आग्नेय अलास्कापुरता आहे. वसंतातली काळ्या अस्वलाची शिकार, दोन माणसं, अठरा फुटी ॲल्युमिनियमची उघडी बोट आणि साधारण आठवडाभराचा मुक्काम असं गृहीत धरलं आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अस्वलाची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे यातलं काहीही तिकडे लागू करायचं नाही. शुल्क, तारखा आणि मर्यादा बदलत असतात. अलास्काच्या फिश अँड गेम खात्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका हाताशी ठेवूनच पुढे वाचा.

## टप्पा १: कागदपत्रं, दीड वर्ष आधी

अलास्काबाहेरच्या माणसाला आग्नेय भागात, म्हणजे खात्याच्या शिकार-विभागांपैकी युनिट १ ते ३ मध्ये, गाईडशिवाय काळं अस्वल मारायचं असेल तर सोडतीतून परवाना मिळवावा लागतो. अर्ज १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात भरायचे असतात आणि निकाल फेब्रुवारीत लागतो. इथेच लोक हटकून चुकतात. खात्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यामुळे फेब्रुवारीत नाव लागलं म्हणजे त्याच मे महिन्यात निघायचं असं नसतं. तुमचा वसंत त्याच्या पुढच्या वर्षीचा. डिसेंबरात अर्ज आणि दीड वर्षाने शिकार, असा हिशोब धरून रजा मागा.

सोडतीखेरीज शिकारीचं लायसन्स आणि अस्वलासाठी कुलूपवजा धातूचा टॅग, दोन्ही वेगळे घ्यावे लागतात. अमेरिकेतल्या इतर राज्यांच्या रहिवाशाला लायसन्सचे १६० आणि टॅगचे ४५० डॉलर हे अलीकडचे दर आहेत. परदेशी नागरिकासाठी दर याहून जास्त असतात.

मराठी वाचकांनी दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. अमेरिकेत कायम वास्तव्य नसलेल्या परदेशी नागरिकाला अलास्कात कुठलंही मोठं जनावर परवानाधारक गाईडशिवाय मारता येत नाही. काळं अस्वलही त्यातच आलं. भारतातून पाहुणा म्हणून येणाऱ्या भावाला बोटीत बसवा, स्वयंपाकाला लावा, पण त्याच्या हाती रायफल देऊ नका. तुम्ही स्वतः एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं नुसती जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. कुठल्याही राज्याचं चालू शिकार-लायसन्स असणं हा त्यातला मुख्य अपवाद. तेव्हा आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. अलास्काच्या नियमांत तुम्ही नेमके कुठल्या वर्गात बसता, हे खात्याला ईमेल करून लेखी विचारा. मित्राने सांगितलेलं इथे चालत नाही.

सावधान: तपकिरी अस्वलाचे नियम पूर्ण वेगळे आहेत. परराज्यातल्या अमेरिकन नागरिकालाही त्यासाठी गाईड किंवा अलास्कात राहणारा जवळचा सज्ञान नातेवाईक सोबत लागतो. 'दिसलंच तर बघू' हा विचार डोक्यातून काढून टाका.

## टप्पा २: बेट निवडणं

नकाशावर सगळी बेटं सारखीच हिरवी दिसतात, अस्वलं मात्र सारखी नाहीत. ॲडमिरल्टी, बारानॉफ आणि चिचागॉफ या तीन मोठ्या बेटांवर फक्त तपकिरी अस्वलं आहेत, काळी नाहीत. प्रिन्स ऑफ वेल्स आणि कुईउ या बेटांवर काळी आहेत, तपकिरी नाहीत. मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर दोन्ही सापडतात.

पहिल्या सहलीला प्रिन्स ऑफ वेल्स किंवा कुईउच निवडा, असं माझं ठाम मत आहे. मुख्य भूमीवर ओळख पटवणं हा वेगळा अभ्यास आहे. रंगावर विसंबता येत नाही, कारण काळ्या जातीची अस्वलं दालचिनी रंगाचीही असतात. खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याची ठेवण आणि नखांची लांबी बघावी लागते. संध्याकाळच्या पावसात तीनशे यार्डांवरून हे ठरवायचं ओझं नवख्याने कशाला घ्यावं?

या दोहोंत प्रिन्स ऑफ वेल्स सोपं. केचिकनहून फेरीने हॉलिसला उतरता येतं, बेटावर रस्ते आहेत, क्रेग आणि थॉर्न बे इथे इंधन मिळतं. कुईउ खऱ्या अर्थाने एकाकी आहे. जवळचं गाव म्हणजे शेजारच्या कुप्रिआनॉफ बेटावरचं केक. कुईउ आणि कुप्रिआनॉफच्या मधली रॉकी पास ही वाट उथळ आहे, केल्प या लांबलचक समुद्री शेवाळाने भरलेली आहे आणि तिथे प्रवाहाची ओढही जबर. भरतीची वेळ साधल्याशिवाय तिथे शिरायचं नाही. पश्चिमेला चॅथम सामुद्रधुनीचं उघडं पाणी. लहान बोटीने तिथपर्यंत जायची हिंमत नसेल तर व्यावसायिक ट्रान्सपोर्टरच्या मोठ्या बोटीने स्वतःला आणि आपल्या छोट्या बोटीला आतल्या शांत खाडीत सोडून घ्या. पैसे जास्त जातात, पण सर्वांत धोक्याचा तुकडा वगळला जातो. पैसे घेऊन शिकाऱ्यांची ने-आण करणाऱ्याकडे ट्रान्सपोर्टरचं लायसन्स असावं लागतं, ते मागून बघा.

तपासा: सोडतीच्या परवान्यावर छापलेली हद्द आणि तुमच्या चार्टवरची खाडी एकच आहे ना?

## टप्पा ३: तारखा ठरवा भरतीच्या कोष्टकावरून

नर अस्वलं माद्यांच्या आधी गुहेबाहेर येतात. मे महिन्यात खाड्यांच्या आतल्या टोकाला, जिथे ओढा समुद्राला मिळतो, तिथल्या सपाटीवर कोवळं गवत उगवतं आणि अस्वलं चरायला उतरतात. हो, चरायलाच. मेच्या मध्यानंतर त्यांचा वावर वाढतो आणि मेअखेरीस माजाचा काळ सुरू होत असल्याने नर फिरतीवर असतात. मात्र जसजसा जून जवळ येतो तसतसं अंग घासून घासून कातडं विरळ होत जातं. मेचा दुसरा आणि तिसरा आठवडा हा माझ्या मते मधला मार्ग.

आता त्या आठवड्यांत समुद्र काय करणार आहे ते बघा. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग शिकवायला नको, पण आकडे मात्र मनात नव्याने बसवावे लागतील. आग्नेय अलास्कात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक वीस फुटांच्या वर जातो. पाण्याची चढ-उतर सारख्या वेगाने होत नाही. सहा तासांत ती साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी होते. फरक अठरा फुटांचा असेल तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला साडेचार फूट उतरतं. तुम्ही दोन फूट पाण्यात बोट सोडून गवतात शिरलात तर अर्ध्या तासात ती कोरडी पडते. इंजिन आणि इंधनासकट ती बोट दोन माणसांना चिखलातून ढकलता येत नाही. पाणी परत येईपर्यंत तिथेच बसून राहायचं, अंधारात आणि पावसात.

म्हणून संध्याकाळी पाच ते दहा या वेळात पाणी चढतं असेल, किंवा निदान फरक कमी असेल, असे दिवस निवडा. मेमध्ये उजेड रात्री नऊनंतरही पुरतो. सगळे दिवस जुळणार नाहीत. जुळणाऱ्या दिवशी उथळ खाड्या करा, न जुळणाऱ्या दिवशी बोट खोल पाण्यात ठेवता येईल असे खडकाळ किनारे.

तपासा: कोष्टक तुमच्या खाडीचं आहे की केचिकन-जुनोसारख्या मुख्य ठाण्याचं? दुय्यम ठाण्यासाठी वेळेत आणि उंचीत दुरुस्ती करावी लागते. वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे आहेत का, तेही बघा. या एका तासाने अनेकांची बोट सुकवली आहे.

## टप्पा ४: बोट, इंधन आणि वजनाची बेरीज

भाड्याची बोट घेताना इंजिन किती ताकदीचं हे सगळे विचारतात, वजन किती पेलतं हे कोणी विचारत नाही. बोटीवर क्षमतेची पट्टी असते. तिच्यावरचा आकडा कागदावर वर लिहा आणि खाली बेरीज मांडा. उदाहरण म्हणून:

- दोन माणसं, कपड्यांसकट: ४२० पौंड
- मुख्य इंजिन आणि छोटं राखीव इंजिन: ३४५
- ४५ गॅलन पेट्रोल, डब्यांसकट: ३०० (एक गॅलन सुमारे ६ पौंड)
- तंबू, अन्न, रायफली: २००
- नांगर, साखळी, दोर: ६०

झाले १,३२५ पौंड. अजून अस्वल बाकी आहे. परतीला काही पेट्रोल जळालेलं असतं, त्या जागी कातडं आणि मांस येतं, त्यामुळे वजन फारसं कमी होत नाही. पट्टीवरचा आकडा ओलांडला जात असेल तर मोठी बोट घ्या किंवा दोन खेपा करा. 'समुद्र शांत असेल तर चालतं' हे वाक्य कधीही शांत समुद्रावरच उच्चारलं जातं.

इंधनाचा नियम जुना आणि चोख आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. मैल मोजताना नुसतं जाणं-येणं धरू नका. रोज संध्याकाळी खाड्या धुंडाळण्यात जातं तेच पेट्रोल जास्त असतं. बोट भरलेली असताना गॅलनला किती सागरी मैल जाते, हे बंदराजवळ एकदा चालवून मोजा. रिकाम्या बोटीचा आकडा उपयोगाचा नाही.

राखीव इंजिन स्वतंत्र टाकीवर चालतं ठेवा. मुख्य इंजिन बहुतेकदा बंद पडतं ते पेट्रोलमधल्या पाण्यामुळे, आणि तेच पाणी दुसऱ्या इंजिनात गेलं तर त्याचा उपयोग काय? सोबत इंधनाचा जादा फिल्टर, प्रॉपेलर, शिअर पिन (पंखा कशाला आदळला तर स्वतः तुटून इंजिन वाचवणारी खिळी) आणि वल्ही असू द्या.

## टप्पा ५: अंगावरचं सामान

वसंतात इथलं पाणी दहा अंश सेल्सिअसच्याही खाली असतं. थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी १-१०-१ हा ठोकताळा आहे: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय उपयोगाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण एक तास. त्या दहा मिनिटांत बोटीच्या कप्प्यात ठेवलेलं लाइफ जॅकेट हाती लागत नाही. म्हणून ते अंगातच हवं, इंजिन बंद असतानाही. चालकाने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची.

तीच गोष्ट संपर्काची. हातातला जलरोधक व्हीएचएफ संच (बोटींचा रेडिओ) आणि संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन जॅकेटच्या खिशात हवेत, पिशवीत नव्हे. चॅनल १६ संकटाचा. पण हातातल्या संचाची पोच डोंगरांमुळे फार तोकडी पडते, म्हणून बोटीवर उंच अँटेनाचा पंचवीस वॅटचा संच असलेला बरा. सॅटेलाइट मेसेंजर असेल तर उत्तमच, पण बीकनला तो पर्याय नाही.

निघण्यापूर्वी लेखी प्रवास-आराखडा एका जबाबदार माणसाकडे ठेवा: बोटीचा रंग, माणसं, खाड्यांची नावं, परतीची वेळ आणि किती उशीर झाल्यावर कोस्ट गार्डला फोन करायचा ती घटका. शेवटचा मुद्दा लिहिला नाही तर घरचे एक तर लगेच घाबरतात, नाहीतर दोन दिवस थांबतात.

सावधान: वारा आणि ओढ समोरासमोर आले की लाटा अचानक उभ्या आणि जवळजवळ होतात. नोआ या अमेरिकी हवामान संस्थेचा सागरी अंदाज सकाळ-संध्याकाळ ऐका आणि प्रवाह कुठल्या दिशेला वळणार ते कोष्टकात बघा. उघडं पाणी ओलांडायला पहाट बरी. अर्धबुडे ओंडके सगळीकडे असतात, त्यामुळे अंधारात वेग नको.

## टप्पा ६: रायफल आणि विमान

रायफल विमानात चेक-इन सामानातच, रिकामी, कुलूपबंद कठीण पेटीत, आणि काउंटरवर सांगून. काडतुसं कारखान्याच्या खोक्यात किंवा तशाच पेटीत. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा ११ पौंड. अस्वलाला पळवणारा मिरचीचा फवारा ना हातातल्या सामानात चालतो, ना चेक-इनमध्ये. तो तिथेच विकत घ्या. पोहोचल्यावर रायफल एकदा कागदावर झाडून बघा, प्रवासात रायफलवरची दुर्बीण हलते.

थर्टी-ऑट-सिक्सच्या ताकदीची, गंज न धरणारी, प्लॅस्टिक दस्त्याची रायफल पुरेशी आहे. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा लावा, पाऊस आत जात नाही.

छोट्या विमानाने उतरलात तर त्याच दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. नियमित वेळापत्रकाच्या व्यावसायिक विमानाला हे बंधन नाही.

## टप्पा ७: तळ आणि नांगर

टाँगास राष्ट्रीय वनात फॉरेस्ट सर्व्हिसच्या लाकडी केबिन आगाऊ आरक्षित करता येतात. पहिल्या सहलीला तंबूपेक्षा त्या कधीही बऱ्या. तंबूच लावायचा असेल तर किनाऱ्यावर वाळलेल्या शेवाळाची सर्वांत वरची रेघ शोधा आणि तिच्याही वर, झाडीत जा. रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा बरीच उंच असू शकते. दुपारी कोरडी दिसलेली पुळण पहाटे दोनला पाण्याखाली असते.

स्वयंपाक आणि अन्न तंबूपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. भोवती बॅटरीवरचं विजेचं कुंपण लावता आलं तर झोप लागते.

बोट रात्री किनाऱ्यावर ओढून ठेवायची नाही. खोल पाण्यात नांगर, त्यावर बोया आणि बोयाच्या कडीतून किनाऱ्यापर्यंत फिरणारा दोर, म्हणजे बोट बाहेर सरकवता येते आणि हवी तेव्हा ओढून आणता येते. दोर किमान तीनशे फूट घ्या. ही जुळणी घरी, मैदानात एकदा करून बघा. पावसात गुंता सोडवत बसण्यासारखं वैतागाचं काम नाही.

सावधान: ओहोटीला शिंपले, तिसऱ्या दिसतील आणि हात शिवशिवतील. खाऊ नका. इथल्या शिंपल्यांत पक्षाघात आणणारं विष असू शकतं आणि ते शिजवून जात नाही.

## टप्पा ८: प्रत्यक्ष शिकार

संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी थांबून दुर्बिणीने गवताच्या कडा बघायच्या. इंजिन फिरवत आत घुसणं ही नवख्याची हमखास खूण. अस्वल दिसलं की आधी वारा, मग पाण्याची स्थिती, मग अस्वल, या क्रमाने विचार करा. वाऱ्याच्या खालच्या बाजूने, नजरेआड उतरा आणि बोट तरंगती ठेवा.

मोटर चालू असलेल्या किंवा मोटरच्या वेगाने अजून सरकत असलेल्या बोटीतून गोळी झाडणं बेकायदा आहे. हलत्या बोटीतून नेमही लागत नाही, त्यामुळे मी तर म्हणेन की पाय जमिनीवर टेकल्याशिवाय काडतूस नळीत घालूच नका.

पिल्लं असलेली मादी आणि पिल्लू मारता येत नाही. पिल्लं बऱ्याचदा झाडावर किंवा गवताआड असतात, म्हणून एकटं दिसणारं अस्वल निदान पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. मोठ्या नराचे कान डोक्याच्या मानाने छोटे आणि दूर दूर दिसतात, पोट जमिनीजवळ असतं आणि चाल डुलत असते. कान मोठे आणि पाय लांब वाटले तर ते पोरसवदा आहे, सोडा.

शंभर यार्डांच्या आत, रायफल टेकवून, अस्वल आडवं उभं असताना खांद्याच्या मागच्या अंगाला पहिली गोळी. ते पडलं तरी दुसरी तयार ठेवा. जखमी अस्वल दोन उड्यांत जंगलात शिरतं आणि तिथे डेव्हिल्स क्लब या काटेरी झुडपाच्या गर्दीत दहा फुटांवरचं दिसत नाही. आग्नेय अलास्कात जखमी झालेलं अस्वलही तुमच्या कोट्यात मोजलं जातं. म्हणजे ते सापडो न सापडो, तुमची शिकार तिथे संपली. उजेड जाण्याआधी तासभर तरी शिल्लक नसेल तर गोळी झाडू नका.

## टप्पा ९: कातडं आणि मांस

टॅग ताबडतोब कातड्याला अडकवा. लिंगाचा पुरावा कातड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. सोलताना घाईत तोच भाग कापून टाकणारे पुष्कळ.

३१ मेपर्यंत काळ्या अस्वलाचं खाण्याजोगं मांस बाहेर काढणं कायद्याने बंधनकारक आहे. जूनमध्येही काढाच, गवतावर पोसलेल्या वसंतातल्या अस्वलाचं मांस चांगलं असतं. ते जाळीदार कापडी पिशव्यांत, हवा खेळेल असं टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम मांस भरलं की संपलं. शिजवताना आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस गाठलंच पाहिजे, कारण अस्वलात ट्रिकिनेला हा कृमी असतो. त्याच्या थंडी सहन करणाऱ्या जाती फ्रीजरमध्ये मरत नाहीत आणि धुरी देऊन वाळवलेलं मांसही सुरक्षित नसतं. मसाला कितीही झणझणीत असो, थर्मामीटर लागतोच.

कातड्यावरची चरबी शक्य तितकी खरवडा, थंड आणि कोरडं ठेवा. कान उलटे करून आणि ओठ-पंजे सोडवून घेता येत नसतील तर मीठ लावत बसू नका, गावात जाऊन आधी सील करून घ्या (टप्पा १०) आणि लगेच गोठवायला द्या. ओलं कातडं गुंडाळून दोन दिवस ठेवलं की केस हातात येतात.

## टप्पा १०: गावात परतल्यावर

कातडं आणि कवटी तीस दिवसांत खात्याकडून सील करून घ्यायची असते. तिथले लोक दात काढून घेतात आणि मोजमाप करतात. दोन्ही वस्तू गोठलेल्या नकोत, म्हणून आधी सील, मग फ्रीजर. हे काम केचिकन, क्रेग किंवा पीटर्सबर्गमध्येच उरका, घरी गेल्यावर धावपळ होते.

कॅनडामार्गे गाडीने परतणार असाल तर काळ्या अस्वलाच्या कातड्याला सायटिसचा, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा, निर्यात परवाना लागतो आणि तो सीमेवर मिळत नाही. विमानाने थेट सिॲटलला आणलं तर ती भानगड नाही. कातडं भारतात न्यायचा विचार असेल तर तो आधीच सोडून द्या.

आणि परवान्याचा अहवाल. अस्वल मिळालं नाही, किंवा तुम्ही गेलाच नाहीत, तरीही तो ऑनलाइन भरावा लागतो. न भरणाऱ्याचं नाव यादीत जातं आणि पुढच्या वर्षीच्या सोडतीतून तो बाद होतो.